अल ऐनच्या फर्निचरआधी पॉलिसीचे कागद काढा

प्रश्न: मी कोथरूडमध्ये राहते, वय 38, एका खासगी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, पगार महिना 55 हजार. संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथील शाळेत 2 वर्षांच्या करारावर ऑगस्टमध्ये रुजू होत आहे. घरभाड्यासह महिना 9,000 दिरहम मिळतील. पती व नववीतील मुलगी पुण्यातच राहतील. तिथे सामानासह स्टुडिओ (एका खोलीचे घर) 2,800 दिरहमला मिळतो, रिकामा 2,000 ला. रिकामा घेऊन सामानासाठी 3 लाखांचे वैयक्तिक कर्ज 13 टक्क्यांनी काढावे का? हाताशी असलेली 6 लाखांची मुदत ठेव मोडून बँकेतून परदेशी जाणाऱ्यांसाठीची हमी परताव्याची योजना घेतली आहे, त्यामुळे बचतीची चिंता मिटली. तिचे कागद गेल्या आठवड्यातच आले. फ्लॅटचे 18 लाखांचे कर्ज (साडेआठ टक्के) बाकी आहे.

उत्तर: तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. रिकाम्या घराने महिन्याला 800 दिरहम वाचतात. सामानाला तुमच्याच अंदाजाने 12,000 दिरहम लागतील आणि परतताना त्याचे फार तर 4,000 येतील, असे धरले तर 8,000 चा खर्च भरून निघायला 10 महिने लागतात. अमिरातीच्या कामगार कायद्यानुसार चाचणी कालावधी 6 महिन्यांपर्यंत असू शकतो आणि त्या काळात शाळा 14 दिवसांच्या लेखी सूचनेवर नोकरी संपवू शकते. शिवाय तिथे वर्षभराच्या भाड्याचे पुढील तारखांचे धनादेश आधीच देण्याची पद्धत रूढ आहे, आणि नव्या शहरात पाय ठेवल्या ठेवल्या, शाळेपर्यंतचा प्रवास आणि उन्हाळ्याचा खर्च न अनुभवता, वर्षभराच्या घराला बांधून घेणे मला योग्य वाटत नाही. पहिले सहा महिने सामानासह घर महिन्याच्या भाड्याने घ्या; नोकरी पक्की झाली की रिकामे घर पाहा. कर्ज मुळीच काढू नका.

आता तुमच्या पत्रातील ज्या वाक्यापाशी मी थांबलो, त्याकडे वळतो. कर्ज काढायची वेळ आली, कारण नव्या गावात बस्तान बसवण्यासाठी हवे असलेले 6 लाख तुम्ही त्या योजनेत, म्हणजे एका विमा पॉलिसीत, घातले. सोबत पाठवलेल्या माहितीपत्रकानुसार 10 वर्षे दरवर्षी 6 लाख भरायचे, पुढे 5 वर्षे थांबायचे आणि पंधराव्या वर्षअखेरीस 96 लाख घ्यायचे. ‘60 लाखांचे 96 लाख, म्हणजे 60 टक्के नफा’ असे तुम्हाला सांगण्यात आले. पैसे किती वर्षे अडकून राहणार हे लक्षात घेतले, तर हा परतावा वर्षाला जेमतेम साडेचार टक्के पडतो. हेच हप्ते 7 टक्क्यांनी वाढले असते, तर पंधराव्या वर्षी सुमारे 1 कोटी 24 लाख झाले असते. हमी आहे, हे खरे. पण ती 28 लाख कमी मिळण्याची आहे. आणि हे सारे घरकर्जावर साडेआठ टक्के व्याज भरत असताना चालले आहे.

तुम्हाला दिलेले ‘पूर्ण करमुक्त’ हे आश्वासनही खरे नाही. 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या पारंपरिक, म्हणजे शेअर बाजाराशी न जोडलेल्या, पॉलिसींचा वर्षाचा एकूण हप्ता 5 लाखांहून अधिक असेल, तर मुदतपूर्तीची रक्कम करमुक्त राहत नाही. ती सवलत विमाधारकाच्या मृत्यूनंतर मिळणाऱ्या रकमेला मात्र आहे. तुमचा हप्ता 6 लाखांचा आहे. 36 लाखांच्या नफ्यावर आजच्या दराने 6 लाखांहून अधिक कर जाईल आणि परतावा 4 टक्क्यांच्याही खाली येईल. ही मर्यादा ज्याला ठाऊक नाही, त्याने हा हप्ता विकायला नको होता. आणि ठाऊक असूनही विकला असेल, तर मला त्याचा राग येतो.

याहूनही मोठी चूक करारातच दिसते. नोकरी 2 वर्षांची आणि हप्ते 10 वर्षांचे! पुण्यात परतल्यावर तुमचा वार्षिक पगार 6 लाख 60 हजार असेल, त्यातून 6 लाख हप्त्याला गेले तर उरलेल्या 60 हजारांत तुम्ही घरखर्च आणि मुलीचे शिक्षण कसे भागवणार? तिथे महिना 6,000 दिरहम वाचतील असे तुम्ही धरले आहे. तो हिशेब मला आशेवर बेतलेला वाटतो. भाडे 2,800, जेवण, प्रवास, फोन मिळून किमान 1,800. मग सुट्टीतील तिकीट आणि आजारपण धरता 4,000 वाचले तरी पुष्कळ. दिरहम 24 रुपये धरला तर वर्षाला साडेअकरा लाख होतात, पण पहिले वर्ष त्याहून कमीच जाईल.

सुदैवाने वेळ अजून गेलेली नाही. पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून 30 दिवसांचा फ्री लुक कालावधी, म्हणजे पॉलिसी परत करण्याची मुदत, असतो, आणि त्या मुदतीत लेखी अर्ज केल्यास वैद्यकीय तपासणी, मुद्रांक शुल्क व तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा हप्ता वजा करून उरलेली रक्कम परत मिळते. अर्ज विमा कंपनीकडे ईमेलने आणि शाखेत हातोहात, असा दोन्हीकडे द्या आणि पोचपावती घ्या. ज्यांनी पॉलिसी विकली ते ‘थोडे थांबा’ म्हणतील. तीस दिवस उलटेपर्यंत थांबवणे त्यांच्या सोयीचे आहे, तुमच्या नाही.

पैसे परत आले की 2 लाख अल ऐनच्या पहिल्या तीन महिन्यांसाठी ठेवा, उरलेले 4 लाख पुण्यातील घरासाठी पुन्हा मुदत ठेवीत घाला. विमा हवाच असेल, आणि मुलगी शिकत असताना तो हवाच, तर 1 कोटीचा निव्वळ मुदत विमा (ज्यात फक्त मृत्यू झाल्यास रक्कम मिळते) घ्या व प्रस्तावात परदेशातील नोकरी स्पष्ट लिहा. तिथली बचत एनआरई खात्यात (अनिवासी भारतीयांच्या परदेशी कमाईसाठीच्या भारतातील खात्यात) आणा, त्यावरील व्याज भारतात करमुक्त असते, आणि दर सहा महिन्यांनी त्यातून घरकर्ज फेडत जा. कामासाठी देश सोडताच परकी चलन कायद्याने तुम्ही अनिवासी ठरता, म्हणून सध्याचे बचत खाते एनआरओमध्ये (अनिवासींच्या भारतातील उत्पन्नासाठीच्या खात्यात) बदलून घेण्याचा अर्ज निघण्यापूर्वी बँकेत द्या. त्याच फेरीत पॉलिसी रद्द करण्याचा अर्जही द्या.