येते म्हणावं, पिल्ला

पिल्ला,

रविवारी आजीचा फोन ठेवताना तू म्हणालीस, "आजी, मी जाते." आजीने लगेच टोकलं, "जाते नाही गं, येते म्हणावं." फोन बंद झाल्यावर तू मला विचारलंस, "आई, सुट्टी लागेपर्यंत मी नाशिकला जाणारच नाहीये. मग येते म्हणणं खोटं नाही का? ख्रिस्ती माणसाने खोटं बोलू नये असं तूच सांगतेस." मी पोळ्या लाटत होते, नंतर सांगते म्हणाले. आता तू झोपली आहेस म्हणून लिहायला बसले. सावकाश वाच, अडलं तर विचार.

मराठीत "गेला" म्हटलं की वारला असाही अर्थ होतो. म्हणून कोपऱ्यावर दूध आणायला निघालेलं माणूसही "येतो" म्हणतं आणि दारातलं माणूस "या" म्हणतं. शेजारच्या काकू म्हणतात, आपणही म्हणतो. यात हिंदू-ख्रिस्ती काही नाही, बोलायची पद्धतच तशी आहे. पण आपल्या घरात हा शब्द एकदा फार खरा ठरला. ते सांगायचं तर आधी आजोबांचं सांगायला हवं.

माझे पप्पा भाजीच्या एका व्यापाऱ्याकडे काट्यावर होते. टोमॅटोचे क्रेट उतरले की वजन बघून शेतकऱ्याला चिठ्ठी लिहून द्यायची, हे त्यांचं काम. मी सातवीत असताना व्यापाऱ्याने सांगितलं, क्रेटमागे अर्धा किलो कमी लिहा. शंभर क्रेटांमागे पन्नास किलो झाले गं! शेतकरी दिंडोरीकडून पहाटेच निघालेला, डोळ्यांत झोप, त्याला काय कळणार? पप्पांनी लिहिलं नाही. दुसऱ्यांदा सांगितल्यावर त्यांनी चिठ्ठ्यांचं पुस्तक आणि पेन काट्यावर ठेवलं आणि घरी आले. भर दुपारी पप्पांना दारात बघून मी घाबरले होते.

चार महिने काम नव्हतं. तुझी आजी रात्री उशिरापर्यंत साड्यांना पिको-फॉल करायची. माझी सहलीची फी भरता आली नाही, तेव्हा मी चिडून म्हणाले, "अर्धा किलो कोणाला कळलं असतं?" पप्पा भाकरी मोडता मोडता थांबले. म्हणाले, "मला प्रभूसमोर उभं राहायचंय गं. तिथे तो शेतकरीही भेटेल. त्याला तोंड कसं दाखवू?"

पप्पा देवाला घाबरून असं वागले, असं समजू नकोस. चांगलं वागून स्वर्ग विकत मिळत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं. प्रभूने तो वधस्तंभावर आपल्यासाठी आधीच मिळवून ठेवलाय, यावर त्यांचा पक्का विश्वास होता. जिथे कायमचं राहायचंय ते घर नक्की आहे, म्हणून चार महिन्यांच्या ओढाताणीने ते डगमगले नाहीत. मी मात्र तेव्हा बरेच दिवस फुगून होते.

पप्पा मला एक गोष्ट नेहमी सांगायचे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत तू आफ्रिकेत फिरलेल्या लिव्हिंग्स्टन या मिशनरीच्या कबरीवर वाचलं होतंस ना, विश्वासू हातांनी त्याला जमीन आणि समुद्र ओलांडून इथे आणलं? त्या हातांत नाशिकचे हात होते. आपलं शरणपूर आहे ना, तिथे मिशनच्या लोकांनी गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं सांभाळली, शिकवली. त्यांतला एक याकोब वेनराइट. 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला तेव्हा याकोब आणि त्याच्या सोबत्यांना त्याला तिथेच पुरून मोकळं होता आलं असतं. त्यांनी त्याचं हृदय झाडाखाली पुरलं, याकोबने प्रार्थना वाचली, आणि मग देह खांद्यावरून महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणला. त्या दगडावरच्या ओळीत यांपैकी कोणाचंही नाव नाही. शरणपूर रोडने चर्चला जाताना पप्पा मला हे सांगायचे आणि म्हणायचे, "प्रभूच्या वहीत नावं आहेत."

आता आजोबांची शेवटची रात्र. तू तेव्हा दीड वर्षांची होतीस. मी विमानाने पोहोचले त्याच संध्याकाळी. दवाखान्यात आजी त्यांचे तळवे चोळत बसली होती. बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. पहाटे त्यांनी डोळे उघडले, आजीकडे बघितलं आणि रोज काट्यावर निघताना म्हणायचे तसंच म्हणाले, "येतो गं."

आजी रडली नाही. पदर सारखा करून म्हणाली, "या."

आपल्यात माणूस प्रभूत झोपी गेला म्हणतात. झोपलेलं माणूस उठतं, हे आजीला माहीत आहे. माती देताना तिने मूठभर माती हळूच सोडली, झोपलेल्याची झोप मोडू नये तशी. तेव्हापासून ती कोणालाच "जाते" म्हणू देत नाही.

तर रविवारी फोन ठेवताना "येते" म्हण. लगेच लाल बटण दाबू नकोस. ती "ये" म्हणेल, तेवढं ऐकून घे.

तुझी,
आई