चार मिनिटांत सहा बॉम्बर पाडणारा यॉर्मा सारवांतो

मागच्या अंकात फिनलंडच्या हिवाळी युद्धाबद्दल (सोव्हिएत युनियनशी १९३९-४० मध्ये झालेलं) लिहिताना यॉर्मा सारवांतो या फायटर पायलटचा एका ओळीत उल्लेख केला होता. चार मिनिटांत सहा बॉम्बर, एवढंच. त्यावर बरेच प्रश्न आले, म्हणून या वेळचं सदर त्यालाच देतोय.

प्रश्न : सहा बॉम्बर चार मिनिटांत हे जरा जास्तच वाटतं. माझा मुलगा म्हणतो युद्धातला प्रचार असणार. नक्की काय झालं होतं ते नीट सांगाल का? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : मुलाची शंका अगदी रास्त आहे, कारण हवाई युद्धातले दावे सगळ्याच देशांनी फुगवलेत. पण इथं एक गोष्ट वेगळी आहे. ही लढाई फिनलंडच्याच जमिनीवर झाली, पाडलेली विमानं जंगलात, शेतात, बर्फात पडली, ती जाऊन बघता आली. समुद्रावर किंवा शत्रूच्या हद्दीत पडलेल्या विमानांबद्दल जो वाद घालता येतो तो इथं फारसा उरत नाही.

तारीख ६ जानेवारी १९४०. सोव्हिएत युनियननं ३० नोव्हेंबर १९३९ ला हल्ला करून जेमतेम पाच आठवडे झालेले. त्या दिवशी सकाळी डीबी-३ जातीच्या आठ सोव्हिएत बॉम्बरांची तुकडी उत्तरेकडं कुओपियो शहरावर बॉम्ब टाकायला निघाली होती आणि जाता जाताच पेर-एरिक सोव्हेलियस या फिनिश पायलटनं त्यातला एक पाडला. उरले सात. फिनिश लोकांना माहीत होतं की आलेत म्हणजे परत जाणार, आणि बहुधा त्याच वाटेनं जाणार. आग्नेय फिनलंडमधल्या उट्टी तळावर लेफ्टनंट सारवांतो फोकर डी-२१ या एका माणसाच्या फायटर विमानात होता, विमानाचा नंबर एफआर-९७.

दुपारच्या सुमारास ते सात जण परत आले, जवळजवळ एका रांगेत, सोबत एकही फायटर नाही. सारवांतो मागून त्यांच्या शेपटीला गेला आणि एका टोकापासून सुरुवात केली. आता हे वाचायला सोपं वाटतं पण प्रत्येक बॉम्बरमध्ये मागं तोंड करून बसलेला गनर असतो आणि सातही विमानं जवळ जवळ असल्यामुळं एकावर चाल करताना शेजारच्या दोन-तीन गनरांच्या गोळ्या पण अंगावर येतात, त्यात एकटा माणूस, पाठीशी कोणी नाही. त्यानं आधी गनरला गप्प करायचं आणि मग इंजिनावर, टाकीवर मारायचं हा क्रम धरला, आणि हे सगळं इतक्या जवळून की समोरचं विमान काचेत मावत नसेल. एक पेटला की बाजूला सरकून पुढचा. उट्टीपासून दक्षिणेला तावास्तिलापर्यंत, म्हणजे साधारण तीस-पस्तीस किलोमीटरच्या पट्ट्यात, सहा बॉम्बर खाली गेले. तो वेग लक्षात घ्या, मिनिटाला सात-आठ किलोमीटर, म्हणजे चार मिनिटांचा हिशेब नकाशावरसुद्धा बरोबर बसतो.

सातव्याच्या मागं पण तो गेला, पण गोळ्या संपल्या होत्या. तो सातवा बॉम्बर फिनलंडच्या आखाताकडं पळाला आणि त्याला पुन्हा सोव्हेलियसनंच गाठून पाडलं. म्हणजे सकाळी निघालेल्या आठातला एकही घरी पोचला नाही. एफआर-९७ वर २३ गोळ्यांची भोकं होती आणि तरी तो तळावर सुखरूप उतरला.

त्याचा एक फोटो नंतर जगभर फिरला. हातात पाडलेल्या बॉम्बरच्या शेपटीचा पत्रा, त्यावर मोठा ५ आकडा.

प्रश्न : फोकर डी-२१ ला तर चाकं पण आत घेता येत नव्हती ना? असल्या जुन्या विमानानं हे जमलं कसं? (एक वाचक, ओझर)

उत्तर : हा प्रश्न वाचून मला खूप बरं वाटलं, कारण सारवांतोच्या गोष्टीतला खरा भाग हाच आहे आणि लोक त्याच्याकडं बघतच नाहीत, सगळे त्या चार मिनिटांवर थांबतात.

तुम्ही म्हणता ते बरोबर, चाकं कायम खालीच. डच डिझाइन, ब्रिस्टल मर्क्युरी इंजिन, चार मशीनगन साधारण ७.९ मिमीच्या, तोफ नाही. फिनलंडनं सुरुवातीची सात विमानं हॉलंडहून आणली आणि पुढची लायसन्स घेऊन स्वतः बांधली, सारवांतोचं एफआर-९७ हे तसलं घरी बांधलेलं. वेग डीबी-३ पेक्षा थोडाच जास्त, म्हणजे बॉम्बर एकदा पुढं निघून गेला की गाठायची मारामार. मग उरलं काय? नेम आणि जवळ जायची हिंमत.

सारवांतोची स्क्वॉड्रन होती लेंतोलाइव्हुए २४, म्हणजे २४ नंबरची स्क्वॉड्रन, आणि तिचा प्रमुख गुस्ताफ माग्नुस्सोन. या माणसाबद्दल मला फार आदर आहे. तो तीसच्या दशकात फ्रान्सला जाऊन आला, १९३८ मध्ये जर्मनीत रिखटहोफेन नावाच्या फायटर तुकडीकडं राहून आला, आणि परत येऊन आपल्या पोरांना दोनच गोष्टी घोटवल्या. एक म्हणजे दोन विमानांची जोडी आणि अशा दोन जोड्यांची मोकळी चौकडी, त्या काळी बऱ्याच हवाई दलांत अजून तीन विमानं घट्ट चिकटून उडायची, त्यात तिघांचं अर्धं लक्ष एकमेकांना धडकू नये याच्यावरच. दुसरी म्हणजे नेमबाजी, आणि ती पण लांबून फवारा मारायची नाही, पन्नास मीटरपर्यंत जायचं आणि मग ट्रिगर. फिनलंडकडं विमानं कमी, गोळ्या कमी, पेट्रोल कमी, त्यामुळं एकही गोळी वाया घालवायची चैन त्यांना नव्हतीच. पन्नास मीटरवर मात्र छोटी मशीनगन पण इंजिन फोडते.

अजून एक. फिनिश फायटरांना त्या युद्धात आदेश होता की शत्रूच्या फायटरांशी उगाच झुंजत बसू नका, बॉम्बर पाडा. कारण बॉम्बर गावांवर येत होते. शौर्य गाजवायला फायटर बरा, पण लोकांचा जीव वाचवायला बॉम्बर पाडायला हवा, हा विचार माग्नुस्सोनच्या माणसांनी पाळला म्हणून सारवांतोच्या वाट्याला तो दिवस आला. हिवाळी युद्धात २४ नंबरच्या फोकरांच्या नावावर सुमारे १२० विमानं लागली.

प्रश्न : पण मग सोव्हिएत बॉम्बर एकटे का यायचे? त्यांच्याकडं तर हजारोंनी विमानं होती. (एक वाचक, सांगली)

उत्तर : सुरुवातीला सोव्हिएत फायटरांचा पल्ला कमी पडायचा, फिनलंडच्या आत खोलवर सोबत करणं त्यांना जमत नव्हतं. आणि वरच्यांचा समज असा की एवढासा देश, त्याची हवाई ताकद ती काय असणार. त्या समजाची किंमत कोणी मोजली? डीबी-३ मध्ये तीन-तीन माणसं असायची. सहा बॉम्बर म्हणजे अठराएक पोरं, ज्यांना कोणीतरी नकाशावर बोट ठेवून पाठवलं, सोबत फायटर न देता, आणि परतीची वाट पण बदलायला न सांगता. सारवांतोचं कौतुक करताना मला ही पोरं विसरता येत नाहीत. बॉम्ब ते गावावर टाकून आले होते हे पण तितकंच खरं.

प्रश्न : नेटवर त्याच्या विमानाचा फोटो बघितला तर त्यावर स्वस्तिक! हा माणूस नाझी होता का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : नाही, आणि हा गैरसमज खूप जणांचा होतो. फिनिश हवाई दलाचं निळं स्वस्तिक १९१८ चं आहे. स्वीडनच्या काउंट एरिक फॉन रोझेननं त्या वर्षी मार्च महिन्यात फिनलंडला एक विमान भेट दिलं, त्याच्या पंखांवर त्याचं शुभचिन्ह म्हणून निळं स्वस्तिक रंगवलेलं होतं, तेच पुढं हवाई दलाचं चिन्ह झालं आणि १९४५ पर्यंत विमानांवर राहिलं. नाझी पक्षानं स्वस्तिक घेतलं ते १९२० मध्ये, म्हणजे नंतर.

पण अर्धंच सांगणं बरोबर नाही. हा रोझेन पुढं हिटलरच्या हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याचा नातेवाईक झाला, दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. आणि १९४१ ते १९४४ च्या दुसऱ्या युद्धात फिनलंड जर्मनीच्या बाजूनं सोव्हिएत युनियनशी लढला हे पण खरं आहे. १९४० च्या जानेवारीत मात्र तसं काही नव्हतं, उलट त्या वेळी जर्मनी आणि सोव्हिएत युनियन यांच्यातच करार होता आणि फिनलंड एकटा पडला होता. सारवांतोची ती लढाई त्या एकटेपणातली आहे.

प्रश्न : एवढं सगळं केलं तर मग फिनलंडचा सगळ्यात मोठा एस म्हणून दुसऱ्यांचीच नावं का येतात? (एक वाचक, दादर)

उत्तर : आकड्यांमुळं. (एस म्हणजे पाच किंवा जास्त विमानं पाडलेला पायलट.) इल्मारी युतिलाइनेनच्या नावावर ९४ विमानं, हान्स विंडच्या नावावर ७५, त्यांच्यापुढं सारवांतोचा एकूण आकडा १७ च्या आसपास. खरं तर १६ पूर्णांक पाच षष्ठांश, कारण फिनलंडमध्ये दोघा-तिघांनी मिळून विमान पाडलं तर श्रेय वाटून द्यायचे. मला ही पद्धत फार प्रामाणिक वाटते. हिवाळी युद्धात त्याची १२ पूर्णांक पाच षष्ठांश झाली आणि त्या युद्धात त्याच्या पुढं कोणी नव्हता. पुढच्या युद्धात तो अमेरिकन बनावटीच्या ब्रूस्टरवर उडला, नंबर बीडब्ल्यू-३५७, आणि त्यात अजून चार.

दुसरं कारण मला जास्त टोचतं. फिनलंडचं सर्वोच्च लष्करी पदक म्हणजे मानेरहाइम क्रॉस, ते सुरूच झालं डिसेंबर १९४० मध्ये. हिवाळी युद्ध संपलं १३ मार्च १९४० ला. म्हणजे सारवांतोनं जे केलं तेव्हा ते पदक अस्तित्वातच नव्हतं! युतिलाइनेन आणि विंड यांना ते दोन-दोनदा मिळालं, सारवांतोला एकदाही नाही. पदकांच्या यादीवरून इतिहास लिहिला की असे लोक बाजूला पडतात आणि मग पुढची प्रत्येक यादी आधीच्या यादीवरूनच तयार होते. युतिलाइनेन मोठाच होता, वादच नाही, त्याला पुढं मेसरश्मिट हे जर्मन फायटर मिळालं. पण फोकरवर, चार छोट्या गनवर, एकट्यानं सात बॉम्बरांच्या मागं जाणं हे मी त्या ९४ च्या खाली ठेवायला तयार नाही.

प्रश्न : त्याचं पुढं काय झालं? आणि ते विमान कुठं बघायला मिळेल का, मुलगी सध्या हेलसिंकीला आहे. (एक वाचक, औरंगाबाद)

उत्तर : युद्धातून तो जिवंत वाचला. जन्म तुर्कू शहरातला, २२ ऑगस्ट १९१२ चा, आणि गेला ऑक्टोबर १९६३ मध्ये, जेमतेम ५१ वर्षांचा असताना.

विमानाचं म्हणाल तर फोकर डी-२१ बघायचं असेल तर हेलसिंकीत शोधू नका, युव्हास्क्युलाजवळ तिक्काकोस्की इथं फिनिश हवाई दलाचं म्युझियम आहे तिथं एफआर-११० ठेवलंय. ते सारवांतोचं नाही आणि त्याचं इंजिन पण वेगळं, नंतरचं अमेरिकन ट्विन वॉस्प ज्युनियर, त्यामुळं नाकाचा भाग एफआर-९७ पेक्षा वेगळा दिसतो. पण चाकं, कॉकपिट आणि पंख बघून तो माणूस कशात बसून गेला होता याची पुरती कल्पना येते. मुलीला सांगा कॉकपिटच्या मागं उभं राहून पुढची काच बघ, पन्नास मीटर म्हणजे किती जवळ ते तिथं कळतं.