फ्लॅटमध्ये राहून लॅपटॉपवर इलेक्ट्रिक गिटार रेकॉर्ड कशी करावी?

आपल्याकडे इलेक्ट्रिक गिटार, साधा विंडोज लॅपटॉप आणि सरावाचा १० वॉटचा अ‍ॅम्प आहे. अडॅप्टर लावून गिटार लॅपटॉपच्या माइकच्या जॅकला जोडली, तर आवाज पातळ आणि बोदा येतो, तार छेडल्यावर तो उशिरा ऐकू येतो, आणि शेजाऱ्यांमुळे अ‍ॅम्प मोठा करता येत नाही, असे आपण लिहिले आहे. मीही गेली बरीच वर्षे दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येच रेकॉर्डिंग करतो आणि माझीही सुरुवात त्याच जॅकपासून झाली होती. दोष आपल्या गिटारचा नाही आणि लॅपटॉपचाही नाही; तो या दोहोंच्या जोडणीत आहे.

तारांची कंपने पकडणारे नेहमीचे पॅसिव्ह (बॅटरीशिवाय चालणारे) पिकअप म्हणजे चुंबकाभोवती हजारो वेढे घातलेली, केसाहून बारीक तांब्याची तार. तिच्यातून येणारा सिग्नल नाजूक असतो, आणि तो ज्या यंत्रात शिरतो त्याने त्याच्यावर भार टाकला, की सर्वांत आधी आवाजाची वरची चमक नाहीशी होते. म्हणून गिटार अ‍ॅम्पच्या इनपुटचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विद्युत अडथळा; तो जितका जास्त, तितका भार कमी) साधारणपणे १ मेगाओहम, म्हणजे १० लाख ओहम ठेवलेला असतो. लॅपटॉपचा जॅक हेडसेटच्या इवल्याशा माइकसाठी बनवलेला असल्यामुळे त्याचा इम्पिडन्स काही हजार ओहमच असतो. सॉफ्टवेअरमध्ये कितीही ट्रेबल वाढवला तरी तेथे हरवलेली चमक परत येत नाही, फक्त खरखर वाढते. त्यामुळे आपला पहिला खर्च यूएसबी ऑडिओ इंटरफेसवर, म्हणजे गिटारचा सिग्नल संगणकाला समजेल असा करून देणाऱ्या पेटीवर व्हावा, असे मी आग्रहाने सांगेन. एका गिटारसाठी फोकसराइट स्कार्लेट सोलोसारखा छोटा इंटरफेसही पुरेसा आहे. दुसरा कोणताही घेतलात तरी त्याला खास वाद्यासाठीचा, ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ असे लिहिलेला इनपुट आहे ना आणि कंपनीने स्वतःचा एसिओ (ASIO) ड्रायव्हर दिला आहे ना, या दोन गोष्टी पाहून घ्या.

ड्रायव्हरचा संबंध आपल्या दुसऱ्या तक्रारीशी आहे. विंडोजची नेहमीची ध्वनिव्यवस्था गाणी ऐकण्यासाठी ठीक असली, तरी वाजवता वाजवता स्वतःला ऐकण्यासाठी ती फार संथ पडते. एसिओ ड्रायव्हर तिला वळसा घालून सॉफ्टवेअरला थेट इंटरफेसशी जोडतो. त्यानंतर बफर, म्हणजे संगणक एका वेळी साठवून हाताळतो तो आवाजाचा तुकडा, लहान करावा. ४८,००० हर्ट्झच्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाची ४८,००० मोजमापे, म्हणजे सॅम्पल) १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद. आत येताना आणि बाहेर जाताना तो दोनदा मोजावा लागतो आणि इंटरफेसच्या स्वतःच्या कामाचा थोडा वेळ त्यात मिळवावा लागतो. हवेत ध्वनीला १ मीटर जाण्यास सुमारे ३ मिलिसेकंद लागतात; म्हणजे एकूण विलंब ९-१० मिलिसेकंदांच्या आत राहिला, तर तो अ‍ॅम्पपासून तीन मीटरवर उभे राहून वाजवण्याइतकाच असतो आणि हाताला खटकत नाही. लॅपटॉपला १२८ झेपत नसेल आणि आवाज तडतडू लागला, तर २५६ करून पाहा. मिक्सिंगच्या वेळी मात्र तो खुशाल १,०२४ करावा. इंटरफेसवरचे डायरेक्ट मॉनिटरचे बटण अ‍ॅम्पच्या सॉफ्टवेअरमधून वाजवताना बंद ठेवायला विसरू नका, नाहीतर कोरडी (अ‍ॅम्पचा परिणाम नसलेली) गिटार आणि तिच्यामागून येणारी डिस्टॉर्शनची गिटार अशा दोन्ही एकदम ऐकू येतात.

लेव्हलच्या बाबतीत घाई करू नये. गाण्यात जितक्या जोराने वाजवणार आहात तितक्याच जोराने सर्वांत मोठी कॉर्ड वाजवा आणि तिचे शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास येईल असा इंटरफेसचा गेन (इनपुटची पातळी) ठेवा. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करताना लेव्हल शून्यापर्यंत नेण्याची काहीच गरज नसते, आणि एकदा क्लिप झालेला, म्हणजे मर्यादा ओलांडून चिरकलेला सूर दुरुस्त होत नाही.

आता अ‍ॅम्प. रात्री अकरा वाजता फ्लॅटमध्ये वाजवायचे असेल, तर तो सॉफ्टवेअरमध्येच असावा. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते आणि त्याचा आवाज मला मनापासून आवडतो. रेकॉर्डिंगसाठी रीपर हे सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्ण क्षमतेने वापरून पाहता येते. मात्र नुसता अ‍ॅम्प लावून थांबू नका, त्याच्यानंतर कॅबिनेटची (स्पीकरच्या पेटीची) इम्पल्स रिस्पॉन्स फाइल, म्हणजे त्या पेटीच्या आवाजाचा ठसा लावा. गिटार कॅबिनेटमधला १२ इंची स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने गाळून टाकतो. ही गाळणी नसेल, तर डिस्टॉर्शन कानाशी गुणगुणणाऱ्या डासासारखे लागते, आणि अनेक जण त्याचा दोष सॉफ्टवेअरला देऊन मोकळे होतात.

आपला छोटा अ‍ॅम्प दिवसा उपयोगी पडेल. इंटरफेसच्या माइक इनपुटला शुअर एसएम ५७ जोडा (हा माइक १९६५ पासून बनतो आहे) आणि तो स्पीकरच्या जाळीजवळ धरून मध्यापासून कडेकडे थोडा थोडा सरकवत ऐका. मध्याशी आवाज तीक्ष्ण असतो, कडेला मऊ होतो. अ‍ॅम्पचा स्पीकर आउट मात्र इंटरफेसला कधीही जोडू नका, इंटरफेस जळू शकतो.

घुरघुरीविषयी आपण विचारले नाही, पण ती तुम्हाला भेटणारच. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, आणि सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप तिचा गुंजारव लगेच पकडतो. दोन कॉइल उलट जोडून तो खोडून काढणाऱ्या हंबकर पिकअपच्या पेटंटसाठी गिब्सनमधील सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये अर्ज केला, तो याच त्रासापायी. माझ्या खोलीतली सर्वांत वाईट खरखर पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमधून येत होती, हे कळायला मला कित्येक महिने लागले. पंखा आणि डिमरचे दिवे बंद करून पाहा, मग चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा, मग खुर्ची हळूहळू फिरवून पिकअपची दिशा बदला. चार्जर काढताच आवाज थांबला, तर घरातले अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. तो प्रश्न केवळ रेकॉर्डिंगचा नसतो.

ऱ्हिदम गिटार भरदार हवी असेल, तर तोच भाग दोनदा वाजवून एक टेक (एका वेळचे रेकॉर्डिंग) पूर्ण डावीकडे आणि दुसरा पूर्ण उजवीकडे ठेवा. एकाच टेकची प्रत काढून दोन्हीकडे ठेवल्याने रुंदी येत नाही, आवाज फक्त मोठा होतो. दोन टेकमधला हाताचा सूक्ष्म फरकच कानाला रुंदी देतो. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी १९४० च्या दशकात हॉलिवूडमधल्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये डिस्कवर गिटारचे थर चढवले, तेव्हा एखादा थर चुकला की तो पुन्हा वाजवावा लागे. आपल्याला दहा टेक घेऊन त्यांतले दोन निवडता येतात. प्रत्येक टेकपूर्वी ट्यूनर पाहावा आणि डिस्टॉर्शन एकट्या गिटारसाठी ठेवाल त्याहून कमी ठेवावे.

सर्वांत शेवटी, ट्रॅकवर नेहमी इंटरफेसमधून आलेली कोरडी गिटारच रेकॉर्ड करा आणि अ‍ॅम्प त्या ट्रॅकवर प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे सॉफ्टवेअर) म्हणून ठेवा. मागच्या वर्षी मी एका जुन्या गाण्याचा गिटारचा आवाज संपूर्ण बदलला आणि त्यासाठी गिटार पेटीतून बाहेरही काढावी लागली नाही, कारण कोरड्या फाइली मी जपून ठेवल्या होत्या.