वाचक विचारतात: उन्हाळ्यात माल पाठवायला काय झालं होतं?

प्रश्न (मिरजेहून): दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन-अमेरिकेनं रशियाला आर्क्टिकमधून रणगाडे, विमानं पाठवली म्हणे. मग ऐन थंडीत कशाला जीव धोक्यात घालायचा, उन्हाळ्यात आरामात पाठवायचं ना? आणि एवढ्या वरचं मुर्मान्स्क बंदर गोठत कसं नाही?

उत्तर: तुम्हाला वाटतंय त्याच्या बरोब्बर उलटं होतं बघा. खरा धोका बर्फाचा नव्हताच, नॉर्वेचा होता. १९४० पासून नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात, तिथल्या विमानतळांवर बॉम्बर, खाड्यांमध्ये पाणबुड्या आणि वर टिर्पिट्झ नावाची अवाढव्य युद्धनौका. उन्हाळ्यात समुद्रावर गोठलेल्या बर्फाची कड वर उत्तरेकडं सरकते म्हणून जहाजांना किनाऱ्यापासून लांबून जाता येतं हे खरं, पण तिथं उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, म्हणजे चोवीस तास विमानांना सगळं लख्ख दिसणार, लपायचं कुठं? थंडीत बर्फ खाली येतो, वाट नॉर्वेच्या जवळून जाते, पण अंधार असतो. ब्रिटिशांना अंधार परवडला.

याचं उदाहरण म्हणजे पीक्यू १७ नावाचा जहाजांचा ताफा. २७ जून १९४२ ला आइसलँडहून ३५ मालवाहू जहाजं निघाली. ४ जुलैला रात्री लंडनमधून ब्रिटिश नौदलाचे प्रमुख अॅडमिरल डडली पाउंड यांनी ऑर्डर सोडली की टिर्पिट्झ येतेय, पांगा. टिर्पिट्झ तेव्हा निघालीच नव्हती, दुसऱ्या दिवशी निघाली आणि काही तासांत परत फिरली, एक गोळा न झाडता! पण तोवर सोबतच्या लढाऊ नौका बाजूला झालेल्या आणि एकेकट्या जहाजांना विमानं-पाणबुड्यांनी गाठलं, २४ बुडाली. समुद्रावरच्या माणसांना विचारायला हवं होतं असं माझं मत, लंडनमध्ये बसून असले निर्णय घेऊ नयेत.

त्यातही सोबतच्या एर्शायर नावाच्या छोट्या ट्रॉलरनं, म्हणजे मासेमारीच्या धाटणीच्या बोटीनं, डोकं चालवलं. तीन मालवाहू जहाजं घेऊन तो सरळ बर्फातच घुसला, एकाच्या गोदामात पांढरा रंग सापडला तो फासला, डेकवर पांढऱ्या चादरी अंथरल्या आणि डेकवर जे रणगाडे रशियाला चालले होते त्यांच्याच तोफा भरून ठेवल्या. वरून विमानांना काही दिसलं नाही, चौघेही वाचले.

पुढं १९४३ मध्ये वसंतापासून नोव्हेंबरपर्यंत ब्रिटिशांनी हा रस्ता बंदच ठेवला, स्टॅलिन भडकला तरी. थंडीतही सुख नव्हतंच म्हणा. लाटांचे तुषार कठड्यावर, तोफांवर, दोरांवर पडले की जागीच गोठायचे आणि खलाशी कुऱ्हाडी घेऊन ते फोडत बसायचे, कारण वर बर्फाचं वजन वाढलं की जहाज कलंडतं. पाण्यात पडलेला माणूस काही मिनिटांत संपायचा.

मुर्मान्स्कचं म्हणाल तर अटलांटिकचा गरम प्रवाह तिथवर पोचतो म्हणून बंदर वर्षभर उघडं. तिथून रेल्वे आत रशियात जाते, तीच खरी किंमत. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात हायवे बंद झाला तेव्हा आपण बघितलंय की, माल असतो, गाड्या असतात, रस्ताच नसतो. अर्खांगेल्स्क मात्र थंडीत गोठायचं.

प्रश्न (अपशिंगे, जि. साताऱ्याहून): आमच्या गावात घरटी फौजी. रशियाच्या या मदतीत आपल्या लोकांचा काही हात होता का?

उत्तर: होता, पण आर्क्टिकमधे नव्हे, इराणमधे. ऑगस्ट १९४१ मधे ब्रिटिश आणि सोव्हिएत फौजा इराणात शिरल्या, त्यात भारतीय पलटणी होत्या. मग आखाताच्या बंदरांतून रेल्वेनं आणि ट्रकनं माल वर रशियाकडं जायला लागला. लांबचा वळसा, आफ्रिकेला फेरी मारून यायचं, पण बॉम्बर नाहीत. तिसरा रस्ता पॅसिफिकचा, तिथून जवळपास निम्मा माल गेला, कारण जपान आणि रशिया तेव्हा एकमेकांशी लढत नव्हते, मात्र शस्त्रं त्या वाटेनं जात नव्हती.

इराणातल्या वाहतुकीत रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरची, म्हणजे तेव्हाच्या भारतीय सैन्याच्या रसद-वाहतूक विभागाची पोरं होती आणि त्यातल्या दोघांना सोव्हिएत सरकारनं ऑर्डर ऑफ द रेड स्टार हा लष्करी सन्मान दिला. घरात आजोबा-पणजोबांची डिस्चार्जची कागदं असतील तर पैफोर्स असं काही लिहिलंय का बघा, म्हणजे इराण-इराकची कमांड. दिसलं तर फोटो काढून आम्हाला पाठवा, मूळ कागद पाठवू नका.