बाकावरची रिकामी जागा

प्रश्न: सप्रेम सलाम. आम्ही ऐरोलीला राहतो, मुलांमुळे चर्चच्या इंग्लिश सर्व्हिसला जातो. गेले सात-आठ महिने एक आफ्रिकन मुलगा येतो, खारघरला कॉलेजात आहे. तो चौथ्या बाकावर बसतो आणि तो बाक रिकामा राहतो, ईस्टरला माणसं मागे उभी राहिली पण तिथे कुणी बसलं नाही. दुसरं असं की माझ्या भाच्याच्या लग्नाचं बघतोय, तर आमच्याच मंडळीतले, म्हणजे चर्चमधलेच, लोक हळूच विचारतात, "मूळचे कोण तुम्ही?" म्हणजे जात कोणती. मी चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीत विषय काढला तर एक वडील म्हणाले, "ताई, हे सामाजिक झालं, चर्चमध्ये आत्म्याचं बोलायचं, आणि लोक हळूहळू बदलतात." मग एका रविवारी समेटावर प्रवचन झालं, सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, पुढच्या रविवारी बाक परत रिकामा. माझं काही चुकतंय का? — एक भगिनी, ऐरोली

उत्तर: ताई, सलाम. तुमचं काही चुकत नाहीये. पत्र मी दोनदा वाचलं आणि रात्री नीट झोप लागली नाही, कारण "मूळचे कोण" हा प्रश्न मीही ठाण्यात ऐकलाय, तोही उपासना संपल्यावर चहाचा कप हातात असताना.

आधी "आत्म्याचं बोलायचं" हे बघू. बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात, दुसऱ्या अध्यायात, ख्रिस्ताने मधली आडभिंत पाडली असं प्रेषित पौल लिहितो. आपण ते वाचतो आणि पुढे जातो, पण तशी भिंत खरोखर होती, दगडाची. यरुशलेमच्या मंदिरात परक्यांनी, म्हणजे यहुदी नसलेल्यांनी, कुठवर यायचं ते ठरवणारा कठडा होता, त्यावरची ग्रीक पाटी १८७१ साली सापडली, आज ती इस्तंबूलच्या म्युझियममध्ये आहे. त्यावर लिहिलंय की परक्याने आत पाऊल टाकलं तर होणाऱ्या मरणाला तो स्वतःच जबाबदार. आणि प्रेषितांची कृत्ये २१ उघडा, पौलाला धरलं ते कशावरून, तर त्याने त्रफिम नावाच्या इफिसकराला मंदिरात आत नेलं असा लोकांचा समज झाला म्हणून. म्हणजे इफिसकरांना भिंतीबद्दल जे लिहिलं गेलं त्यामागे तुरुंग आहे, मार आहे. हे सामाजिक की आत्मिक, असा प्रश्न पौलाला पडलाच नसता. अंत्युखियात प्रेषित पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता, यरुशलेमहून माणसं आल्यावर पंगतीतून मागे सरला, तेव्हा पौल त्याला सगळ्यांसमोर बोलला (गलतीकरांस पत्र, दुसरा अध्याय). वाद कुठे झाला बघा, जेवणाच्या पंगतीत.

आता "हळूहळू". दक्षिण आफ्रिकेत १८५७ साली डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडने, म्हणजे सर्वोच्च सभेने, ठरवलं की काळ्या विश्वासणाऱ्यांना एकाच मंडळीत घेणं शास्त्राला धरून आहे, पण काहींच्या दुबळेपणामुळे अडचण येत असेल तर काळ्यांची उपासना वेगळी ठेवायला हरकत नाही. दुबळेपणा कुणाचा, तर ज्यांना शेजारी बसवत नव्हतं त्यांचा! त्या एका सवलतीवर १८८१ साली गोरे नसलेल्यांसाठी वेगळं मिशन चर्च उभं राहिलं, आणि पुढे वर्णभेदाच्या सरकारला चर्चमधूनच आधार मिळाला. त्याच मिशन चर्चने १९८२ मध्ये केपटाऊनजवळ बेल्हार इथे आपल्या विश्वासाचा कबुलीजबाब मांडला आणि १९८६ मध्ये तो स्वीकारला, त्यात ऐक्य, समेट आणि न्याय तिन्ही एकत्र आहेत, एकातून दुसरं वगळता येत नाही. अमेरिकेतही १९६३ साली आठ गोऱ्या धर्मगुरूंनी वर्णभेदाविरुद्ध आंदोलन करणाऱ्यांना धीर धरा म्हटलं होतं, मार्टिन ल्यूथर किंगने त्यांना बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून उत्तर दिलं. म्हणून "हळूहळू" ऐकलं की मला भीतीच वाटते हो.

आणि ते तिकडचं, आपल्याकडे काय, असं कुणी म्हणायला नको. तमिळनाडूत तिरुचीला मेलपुदूरच्या कॅथलिक दफनभूमीत दलित ख्रिस्ती आणि इतरांच्या कबरींमध्ये भिंत होती, मेल्यावरसुद्धा! भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेही २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचं धोरण काढताना चर्चमध्ये अस्पृश्यता आहे हे मान्य केलं. सरकारदरबारी राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातीत धरला जात नाही, आणि मंडळीत मात्र लग्नाच्या वेळी जात बरोबर आठवते. दोन्हीकडून मार खाणाऱ्या या माणसांच्या दुःखातूनच १९८० च्या दशकात बंगळुरूला अरविंद निर्मळांनी दलित ईश्वरविद्या, म्हणजे दलितांच्या अनुभवातून देवाचा विचार, मांडली, आपल्या पाळकांनी ती शिकवायला हवी, मी हे हट्टाने म्हणतो.

मग करायचं काय? मिठीने समेट होत नाही, ते तुम्ही पाहिलंच. मला कृत्ये ६ फार आवडतं. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं, कुरकुर झाली. प्रेषितांनी त्यांना गप्प बसवलं नाही, एकीचं प्रवचनही दिलं नाही, सात माणसं निवडायला सांगितली. नावं वाचा: स्तेफन, फिलिप, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक नावं. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्यातल्याच माणसांच्या हातात वाटणी दिली, अख्खी, त्यात निम्मी आमची ठेवा असंही कुणी म्हटलं नाही. लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कयसुद्धा येशूसमोर नुसतं चुकलो म्हणून थांबला नाही, चौपट परत देतो म्हणाला.

म्हणून कमिटीत परत जा, एकट्या नको, दोन-तीन घरं बरोबर घ्या. त्या वडिलांशी भांडू नका, कृत्ये ६ समोर ठेवा आणि विचारा की आपल्या पंचांमध्ये, शास्त्रपाठ वाचणाऱ्यांमध्ये, प्रभुभोजनात मदत करणाऱ्यांमध्ये कोण आहेत आणि कोण कधीच नसतात, आणि पुढच्या निवडणुकीत त्यांची नावं द्या. भाच्याच्या स्थळाबाबत, "मूळचे कोण" विचारलं की सांगा, आम्ही ख्रिस्ती, आणि विषय तिथेच बंद करा, एखादं स्थळ गेलं तर जाऊ दे, त्या घरात मुलाचं भलं झालं नसतं.

आणि या रविवारी चौथ्या बाकावर तुम्ही आणि मुलं बसा, आधी त्याचं नाव विचारा, तुमच्या पत्रात ते कुठेच नाहीये.