‘द्वीप-वस्तुमान परिणाम’ हा प्रतिशब्द योग्य आहे का?

समुद्रविज्ञानावरील एका मराठी मजकुरात ‘आयलंड मास इफेक्ट’ या संज्ञेसाठी ‘द्वीप-वस्तुमान परिणाम’ असा शब्द वापरलेला आढळला. तो बरोबर आहे का, आणि बेट आपल्या वस्तुमानाने पाणी खेचते असा त्याचा अर्थ घ्यावा का, असा प्रश्न आहे.

माझ्या मते हा प्रतिशब्द दिशाभूल करणारा आहे. ‘मास’ दिसले की भौतिकशास्त्राच्या सवयीने आपण ‘वस्तुमान’ लिहून मोकळे होतो. परंतु १९५६ साली डोटी आणि ओगुरी या संशोधकांनी हवाईतील ओआहू बेटाच्या संदर्भात ही संज्ञा मांडली, ती खुल्या समुद्रापेक्षा बेटालगतच्या पाण्यात वनस्पतिप्लवकांची (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींची) उत्पादकता अधिक असते हे सांगण्यासाठी. येथे ‘मास’ म्हणजे जमिनीचा सलग भाग, एवढाच अर्थ घेणे सयुक्तिक आहे.

या वाढीचे कारण एकच नाही. गालापागोस बेटांपाशी विषुववृत्तालगत पृष्ठभागाखालून पूर्वेकडे वाहणारा प्रवाह इसाबेला आणि फर्नांदिना यांच्या पश्चिम किनाऱ्यावर आदळतो, त्याचे थंड, पोषकद्रव्यांनी युक्त पाणी वर येते आणि त्याच्याच आधारावर विषुववृत्ताजवळ असूनही तेथे पेंग्विन तग धरतात. हवाईच्या सर्वांत मोठ्या बेटाच्या वातविन्मुख, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाच्या, बाजूस, माउई आणि त्या बेटामधील खिंडीतून व्यापारी वारे जोराने शिरत असल्यामुळे, मोठे भोवरे तयार होतात. त्यांपैकी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरणाऱ्या भोवऱ्यांच्या मध्यभागी खोलवरचे पाणी वर उचलले जाते. दक्षिण महासागरातील केर्गेलेन बेटांची गोष्ट वेगळी आहे : तेथील पाण्यात नायट्रेट मुबलक असते, तुटवडा असतो तो लोहाचा, आणि बेटे व त्यांच्या सभोवतीचे उथळ पठार तो काही प्रमाणात भरून काढतात.

यांपैकी कोठेही गुरुत्वाकर्षणाचा संबंध नाही. गंमत अशी की वस्तुमानामुळे पाणी खरोखरच ओढले जाते. सुमारे २ किलोमीटर उंचीच्या सागरी पर्वतावर समुद्राचा पृष्ठभाग साधारण २ मीटर फुगलेला असतो, आणि उपग्रहांच्या मोजमापांतून असे पर्वत शोधले जातात ते याच फुगवट्यावरून. पण त्या उंचवट्यावरून पाणी खाली वाहत नाही, कारण गुरुत्वाच्या दृष्टीने तो पृष्ठभाग समतलच असतो. ‘द्वीप-वस्तुमान परिणाम’ हे नाव द्यायचेच असेल, तर ते या घटनेला अधिक शोभेल.

मी ‘द्वीपसान्निध्य परिणाम’ सुचवतो. ‘द्वीपप्रभाव’ आटोपशीर आहे खरा. मात्र ‘हरितगृह परिणाम’, ‘डॉप्लर परिणाम’ अशी मराठीची रूढ घडण पाहता ‘परिणाम’ टिकवणे बरे. ‘द्वीप’ शब्दाची व्युत्पत्ती ‘द्वि’ आणि ‘अप्’ म्हणजे पाणी यांपासून, दोन्ही बाजूंस पाणी असलेले, अशी दिली जाते. बेटावर आदळून दुभंगणाऱ्या प्रवाहाच्या वर्णनात तो शब्द ‘बेटा’पेक्षा अधिक चपखल बसतो. नवा शब्द रुळेपर्यंत पहिल्या उल्लेखापाशी ‘आयलंड मास इफेक्ट’ हे मूळ नाव द्यावे.