पाकीट परत गेलं, दिवस मात्र मोजले जातायत

राजापूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय: "नवऱ्याने वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा दावा लावला. मी माहेरी असते. पोस्टमन पाकीट घेऊन आला तेव्हा भावाने ते परत पाठवलं. माझी कुठेच सही नाही, तरी १९ दिवसांपूर्वी एकतर्फी हुकूमनामा झाल्याचं काल दिराकडून कळलं. असा घटस्फोट होतो का?"

होतो. सही लागते ती परस्पर संमतीच्या अर्जात. 'नोटीस घेतली नाही की केस उभीच राहत नाही' हा समज आपल्याकडे घराघरांत आहे आणि त्यापायी बायकांचं फार नुकसान झालंय. भावाने पाकीट घेतलं असतं, तर आज निदान कैफियत, म्हणजे तुमचं लेखी उत्तर, तरी दाखल असती.

आता तुमच्या हातात ११ दिवस आहेत. एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज (दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश ९ नियम १३) हुकूमनाम्याच्या तारखेपासून ३० दिवसांत त्याच कोर्टात पडला पाहिजे. समन्स रीतसर बजावलंच नसेल, तर मुदत कळल्या दिवसापासून धरतात. पण त्या भरवशावर राहू नका. पाकिटावर 'घेण्यास नकार, सबब परत' असा पोस्टमनचा शेरा असेल, तर कोर्ट सहसा बजावणी झाली असंच धरतं. नकार तुम्ही दिला की तुम्ही घरी नसताना भावाने, यावर वाद घालता येईल. तो टिकेलच असं सांगता येणार नाही. वकिलाला सर्वांत आधी फाइलमधलं ते पाकीटच बघायला सांगा.

हुकूमनाम्याच्या सही-शिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज आजच द्या, पण ती मिळेपर्यंत थांबू नका. नकलेत गेलेले दिवस अपिलात वजा होतात, हुकूमनामा रद्द करण्याच्या अर्जात होत नाहीत. मुदत टळली तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण मग प्रत्येक दिवसाचं कारण देत बसावं लागतं आणि मूळ प्रश्न मागे पडतो.

प्रतिज्ञापत्रात खरं तेच लिहा. पाकीट आल्याचं त्याच संध्याकाळी भावाने सांगितलं असेल, तर 'मला काहीच ठाऊक नव्हतं' असं लिहू नका. भावाची उलटतपासणी झाली की ते उघडं पडेल. तारखेला हजर न राहण्याचं खरं कारण द्या: आजारपण, लहान मूल, जे असेल ते.

याच अर्जासोबत हुकूमनाम्याला स्थगिती मागा. अपिलाची मुदत संपली आणि अपील नसेल, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १५ प्रमाणे नवऱ्याला दुसरं लग्न करता येतं. ते झालं की तुमचं प्रकरण फार अवघड होईल.

पोटगीचा हक्क घटस्फोटानेही जात नाही. तो अर्ज राजापुरातही करता येईल. हुकूमनामा रद्द झाला, तर दावा रत्नागिरी जिल्ह्यात वर्ग करण्यासाठी उच्च न्यायालयात जाता येतं, मात्र त्याला वेळ लागतो. तोवर तारखा वांद्र्यालाच.

वकिलाच्या फीसाठी अडू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे उद्याच जा किंवा १५१०० वर फोन करा, आणि वांद्र्याला वकील हवाय, मुदत ११ दिवसांची आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगा.